'सेवेशी संबंध नाही' म्हणे!

आज दुपारी फौजेतून निवृत्त झालेल्या मामांच्या अपंगत्व पेन्शनच्या अपिलाचं उत्तर आलं. मामींनी पाकीट ब्लेडनं कडेकडेनं उघडलं. पोस्टाच्या शिक्क्याची तारीख पुढं लागते, हे त्यांना आता पाठ झालंय. आत दीड पान. त्यात कामाची ओळ एकच: कानाचा दोष लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेत वाढलेलाही नाही. अपील फेटाळलं.

20 वर्षं माणूस तोफेशेजारी उभा होता!

भरतीच्या वेळी मामा शेप-वन होते, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत पूर्ण तंदुरुस्त. त्या 'शेप'मधला एच म्हणजे हिअरिंग. कान ठणठणीत आहेत असं लष्कराच्याच डॉक्टरनं लिहून दिलेलं. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डानं 20 टक्के अपंगत्व लिहिलं, आणि त्याच कागदावर पुढं 'सेवेशी संबंध नाही'. मग कुठं गेला कान, ते तरी लिहा!

सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये धरमवीर सिंग या जवानाच्या खटल्यात स्वच्छ सांगितलंय. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच जडला असं धरायचं. तसं नाही, हे सिद्ध करायचं ते सरकारनं, जवानानं नाही. बोर्डाला वेगळं म्हणायचं असेल तर कारणं द्यायची. तो जवानही 20 टक्क्यांवरच घरी पाठवलेला. मामांचं पत्र मी चारदा वाचलं, कारण कुठंच नाही.

खोटे दावे येतात, मान्य. तपासा, जरूर तपासा. फायरिंगची रेकॉर्डं तुमच्याकडं आहेत. आमच्याकडं काय? एक डिस्चार्ज बुक आणि तो कान.

पैशाचाही प्रश्न आहे, कशाला लपवू? 20 टक्के मान्य झाले की पेन्शनला 50 धरतात. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही ते मिळतं, हे 2014 च्या राम अवतार निकालानं पक्कं झालंय.

पण मामा पैशाचं काढतच नाहीत. जेवायला बसताना ते उजवी बाजू भिंतीकडं करतात. मला लहानपणापासून वाटायचं, ती त्यांची आवडती जागा. आज पत्र हातात घेऊन त्यांच्यासमोर बसलो तेव्हा कळलं. तसं बसलं की सगळी माणसं डाव्या कानाकडं येतात. त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

आमच्याकडच्या किती फौजींनी पहिल्याच नकाराला कागद ट्रंकेत टाकले! 'सरकारशी कोण भांडणार' म्हणून. अहो, दुसरं अपील असतं. सहा महिन्यांत करा. तिथंही नाही म्हणाले तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. ट्रंका उघडा, कृपा करून.

संध्याकाळी दुसऱ्या अपिलाचा मसुदा केला. 'ऐकण्यास त्रास होतो' असं मी लिहिलं होतं. मामांनी तिथं बोट ठेवलं. "त्रास बिस नको. उजव्या कानानं ऐकू येत नाही, एवढंच लिही." खाली सही करताना आधी नंबर, मग रँक, मग नाव.

उद्या सकाळी स्पीड पोस्टनं जातंय.