लेक-टच? बरं, पण कितव्या खाचरात?

परवा रात्री भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर लोणावळ्याजवळच्या पवना तळ्याकाठच्या एका कॅम्पचं रेटकार्ड पाठवलं. डोम टेंट, स्विस टेंट, ए-फ्रेम कॉटेज आणि सगळ्यात वर सोनेरी अक्षरांत 'प्रीमियम लेक-टच', म्हणजे अगदी पाण्याला लागून. खाली प्रश्न, "मावशी, यातलं कुठलं घेऊ? तू चारदा जाऊन आलीयेस ना?"

चारदा नाही, सहादा. त्यातल्या तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, आणि तिन्ही वेळा तंबूचा काही दोष नव्हता. तंबू कुठे ठोकलाय, तिथे घोळ होता. पण रेटकार्डावर फक्त तंबूचे प्रकार असतात, जागेबद्दल चकार शब्द नसतो. म्हणून भाचीला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. सीझनमध्ये निम्मं पुणे आणि निम्मी मुंबई तिकडे निघते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट. ठाकूरसई, फांगणे, गेव्हंडे, कुठेही गेलात तरी तळ्याकाठचे बरेचसे कॅम्प म्हणजे मुळात भाताची खाचरं आहेत. डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरत गेलेली. कापणी झाली की त्यावर तंबू उभे राहतात. दिसायला झकास. सपाट जमीन, समोर पाणी, आजूबाजूला तुंग आणि तिकोना किल्ले.

आमचं पहिलं कॅम्पिंग जूनच्या पहिल्या आठवड्यातलं. कौतुकाने सगळ्यात खालच्या पायरीवरचा डोम घेतला, पाण्याला अगदी चिकटून. रात्री दीडच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. तंबू वरून गळला नाही बरं का, फ्लायशीट, म्हणजे वरून घालतात ते पाणी अडवणारं कापड, उत्तम होती. पाणी आलं खालून. आधी गादीचा कोपरा गार लागला, मग चप्पल तरंगत आत आली. बाहेर टॉर्च मारला तर आख्ख्या खाचरात घोट्याएवढं पाणी आणि त्यात आमचे पाच तंबू होड्यांसारखे. कॅम्पवाल्याच्या आईने आम्हाला पडवीत घेतलं, घोंगडी दिली, कोरा चहा दिला आणि हसत म्हणाली, "खाचार पानी धरायलाच असतंय ना ताई. बांध कशाला घातलाय मग?"

इंजिनिअर नवरा शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही.

तर पावसाची जराशी जरी शक्यता असेल, मेअखेर असो की दिवाळीनंतरचा अवकाळी, वरची पायरी मागायची. बांधाच्या आतली मधली जागा नको, कडेची उंचवट्यावरची. जमीन एका बाजूला किंचित उतरती असेल तर उत्तम, फक्त डोकं वरच्या बाजूला करून झोपा.

दुसरी गोष्ट या 'लेक-टच'ची. पवना हे तळं नाही, धरण आहे. साडेआठ टीएमसीचं, म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट पाण्याचं. पावसाळ्यात ते भरतं आणि मग उन्हाळाभर उतरत जातं, कारण त्याचंच पाणी नदीत सोडतात, ते रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. मी चिंचवडची. एका मे महिन्यात 'लेक-टच'चे जादा पैसे मोजून गेले, तर तंबूपासून पाणी दोनशे पावलं लांब, आणि मधे भेगाळलेला चिखल. चूक कुणाची म्हणून भांडणार? तळं अर्धं आम्हीच आंघोळ करून संपवलं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लेक-टच म्हणजे खरंच टच असतो. एप्रिल-मेमध्ये त्याच नावाखाली चिखल विकत घ्यायचा असतो. कॅम्पवाल्याला सांगायचं, वेबसाइटवरचा फोटो नको, आजचा पाठव. प्रामाणिक माणूस लगेच पाठवतो.

आता तंबूंचं. डोम दोघा-तिघा धडधाकट माणसांना बेस्ट. डिसेंबर-जानेवारीत मात्र पाण्याकाठी दव एवढं पडतं की सकाळी पांघरूण पिळून घ्यावं. त्यात लोक थंडी म्हणून सगळ्या चेनी गच्च लावतात, मग आपल्याच श्वासाची वाफ आतून कापडावर जमते आणि पहाटे टपटप नाकावर पडते. वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. उन्हाळ्यात उलटं, आठ वाजता आत भट्टी होते. झाडाखालचा तंबू मागा, पूर्वेला झाड असेल तर सोन्याहून पिवळं.

स्विस टेंट, म्हणजे बाथरूम जोडलेला मोठा तंबू, मला आजवर पटलेला नाही. भाडं खोलीचं, थंडी तंबूची, आणि बाथरूमला कापडाची भिंत. सासरेबुवांचं खाकरणं आख्ख्या रांगेने ऐकलं.

कॉटेज घ्यावं ते ज्येष्ठांसाठी. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डोमपासून कॉमन टॉयलेटपर्यंत मी पावलं मोजली, एकशे दहा, त्यात तीन बांध चढायचे. रात्री दोनदा. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "अगं, लोहगड परवडला." तेव्हापासून आमच्यात माणसांची वाटणीच करतो. म्हातारे आणि लहान बाळं कॉटेजमध्ये, बाकीचे डोममध्ये. सगळ्यांनी एकाच प्रकारात राहायला ही काय लग्नाची पंगत आहे?

फक्त कॉटेजची एक खोड आहे. वायरिंग सोयीचं पडतं म्हणून ती बहुतेक स्वयंपाकघर आणि स्टेजच्या बाजूला बांधतात. म्हणजे स्पीकरच्या तोंडाशी. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर वाजवायला कायद्याने बंदी आहे, हे मी एकदा साडेअकराला जाऊन सांगून पाहिलं. त्यांनी आवाज कमी केला आणि गाणं बदललं. तेव्हा 'स्पीकर कुठे आहे' हे बुकिंगआधीच विचारायचं, 'बार्बेक्यूत काय' हे नंतर. (बार्बेक्यूत काय ते मीच सांगते. व्हेज असाल तर बटाटा.)

काल भाचीने कॅम्पवाल्याला फोन लावला आणि मी शिकवलेलं जसंच्या तसं विचारलं, "दादा, तंबू कितव्या खाचरात येईल?" पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "वरून दुसऱ्यात देतो, आंब्याखाली. ताई, तुमची शेती कुठंय?"

लेक-टच नाही म्हणून माणशी दोनशे रुपयेही कमी केले.