ब्राव्होस म्हणजे व्हेनिसची झेरॉक्स? मग तक्ता नीट वाचू या

दोन रकान्यांचा एक तक्ता सध्या हातोहात फिरतोय. डावीकडे व्हेनिस, उजवीकडे ब्राव्होस, आणि खाली सहा ओळी: खाजणात पळून आलेल्यांनी वसवलेलं गाव, शंभरेक बेटं आणि कालवे, एका दिवसात जहाज बांधणारी गोदी, मुखवट्यांचा उत्सव, दबदबा असलेली बँक, निवडून दिलेला तहहयात प्रमुख. तळाला ठळक अक्षरात निकाल: ‘मार्टिनने काहीही निर्माण केलेलं नाही. व्हेनिसची झेरॉक्स काढली आणि दारात एक पुतळा उभा केला.’

हे ज्यांच्या कानावरून गेलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ मालिकेतलं, म्हणजे टीव्हीवरच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधलं, उत्तरेकडचं बंदर म्हणजे ब्राव्होस. २००५ च्या चौथ्या खंडात सरदार घराण्यातली मुलगी आर्या स्टार्क तिथे उतरते आणि आपल्याला ते गाव गल्लीबोळांसकट दिसतं. त्याचा इतिहास तुकड्यातुकड्याने येतो, आणि २०१४ च्या ‘द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर’मध्ये सलग सापडतो.

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे वाद सोपा होईल. दोन ओळी तक्त्याने बरोबर पकडल्यात. गोदीची ओळ तर सरळ उचल आहे. ब्राव्होसच्या आर्सेनलमध्ये एका दिवसात लढाऊ गलबत बांधतात, आणि व्हेनिसच्या आर्सेनलने १५७४ साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री जेवत असताना एक गलबत जोडून दाखवलं, हा किस्सा युरोपभर प्रसिद्ध आहे. सीलॉर्ड म्हणजे ब्राव्होसचा प्रमुख, त्याच्या निवडणुकीचंही तेच. ती इतकी गुंतागुंतीची की बाहेरच्याला कळत नाही, असं मार्टिन सांगतो, आणि व्हेनिसचा डोजे, म्हणजे तिथला प्रमुख, १२६८ पासून चिठ्ठ्या आणि मतदान यांच्या फेऱ्यांवर फेऱ्या होऊन शेवटी ४१ जणांच्या मतांनी निवडला जायचा. इथे भांडायला जागा नाही. उरलेल्या चार ओळींशी मात्र माझं भांडण आहे, आणि पहिलीशी सगळ्यात मोठं.

‘पळून आलेल्यांनी वसवलं.’ कोण पळालं, कुणापासून पळालं आणि मागे काय सोडून आलं, हे तक्ता विचारतच नाही. व्हेनिसच्या खाजणात शिरलेली माणसं आल्तिनो, पादुआ, अक्विलेया अशा रोमन शहरांतली नागरिक होती. पाचव्या शतकात हूण आले, ५६८ नंतर लोंबार्द हे जर्मानिक टोळीवाले आले, तशी ती चिखलाच्या बेटांवर सरकली. घरं गेली, पण नागरिकत्व गेलं नाही. कागदोपत्री ती बायझंटाइन सम्राटाचीच प्रजा राहिली. आणि ती लपलेली तर मुळीच नव्हती. लोंबार्द येण्याच्याही आधी, ५३७ च्या सुमाराला, रावेन्नातला कासिओदोरस नावाचा बडा अधिकारी खाजणातल्या मुख्यांना रीतसर पत्र पाठवतो की इस्त्रियातून तेल आणि वाइन आणायची आहे, तुमच्या होड्या हव्यात. त्याच पत्रात तो वर्णन करतो की तुमची घरं पाणपक्ष्यांच्या घरट्यांसारखी आहेत, दारात जनावरं बांधावीत तशा होड्या बांधलेल्या असतात आणि मीठ हेच तुमचं पीक. आता ज्या वस्तीला सरकारी पत्र येतं, वर होड्यांची मागणीही येते, ती लपलेली कशी म्हणायची?

ब्राव्होसची गोष्ट दुसऱ्या टोकाला आहे. व्हॅलिरिया या मालिकेतल्या जुन्या साम्राज्याचे मालक गुलामांनी भरलेला ताफा दक्षिणेच्या सोथोरियोस खंडाकडे नेत होते. वाटेत गुलामांनी जहाजं ताब्यात घेतली आणि मालकांपासून जितकं दूर जाता येईल तितकं दूर, थेट उत्तरेला निघाले. वाट दाखवली ती त्यांच्यातल्याच जोगोस न्हाय जमातीच्या पुजारणींनी, मूनसिंगर्सनी. धुक्यात, डोंगरांच्या आड दडलेलं एक खाजण त्यांना सापडलं आणि गाव वसलं. पण जगाला पत्ता द्यायचा नव्हता. व्हॅलिरियाकडे ड्रॅगन होते, आणि ड्रॅगनवाल्याला पत्ता कळला की संपलंच. शंभरावर वर्षं हे बंदर लपून राहिलं. अखेर उथेरो झालिन नावाच्या सीलॉर्डने सगळीकडे जहाजं धाडली आणि गावाच्या १११व्या वर्धापनदिनाचं जगाला आमंत्रण दिलं. त्यानंतरचा हिशेब मला फार आवडतो. जुन्या मालकांच्या वंशजांना ब्राव्होसने चोरलेल्या जहाजांचे पैसे चुकते केले, गुलामांची किंमत मात्र एक दमडीही दिली नाही. जहाज तुमचं होतं, माणूस तुमचा नव्हता. असली खातेवही व्हेनिसच्या कुठल्याच दप्तरात सापडायची नाही.

कारण व्हेनिसचं दप्तर गुलामांच्या खरेदीविक्रीने भरलेलं आहे. बंदीचे हुकूम निघाले, ९६० साली एका डोजेने काढलेला तर प्रसिद्धच आहे, पण धंदा थांबला नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकात व्हेनिसचे व्यापारी काळ्या समुद्राकाठी काफा आणि ताना इथून माणसं विकत घेत होते. खुद्द मार्को पोलोच्या १३२४ च्या मृत्युपत्रात पीटर नावाच्या तार्तार गुलामाला मुक्त केल्याची नोंद आहे. म्हणजे मरेपर्यंत तो घरात होता. ब्राव्होसमध्ये पहिला कायदा लाँग कॅनॉलवरच्या कमानीवर कोरलेला आहे: इथे कुणीही, कधीही, गुलाम असणार नाही. खऱ्या इतिहासात जोड शोधायचीच असेल तर व्हेनिस सोडून अटलांटिकपलीकडे जावं लागेल. ब्राझीलमध्ये पळालेल्या गुलामांनी वसवलेलं आणि १६९४ साली पोर्तुगीजांनी मोडलेलं पाल्मारेस, किंवा व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरची ग्रेट डिस्मल स्वॅम्प, जिच्या दलदलीत पळालेले गुलाम पिढ्यान्‌पिढ्या दडून राहिले.

दुसरी ओळ: ‘बेटं आणि कालवे.’ असतील. बेटं मोजली की व्हेनिसची ११८ भरतात, ब्राव्होसलाही शंभर बेटांचं शहर म्हणतात. तटबंदी दोघांनाही नाही. पण बंदराचा नकाशा आत काय आहे यावरून वाचला तर निम्मा कळतो. आधी बघायचं ते दार. व्हेनिसच्या खाजणाला दारं तीन: लिदो, मालामोक्को आणि किओज्जा. समुद्र आणि खाजण यांच्यामध्ये आहेत नुसत्या वाळूच्या लांबट पट्ट्या. १३७९ साली जेनोवाचं आरमार दक्षिणेच्या दाराने येऊन किओज्जा बळकावून बसलं आणि व्हेनिसचा जीव टांगणीला लागला. आज भरती अडवायला जे मोझे नावाचे फाटक बसवलेत, तेही तिन्ही तोंडांवर मिळून ७८ आहेत. अशा जागी कुणी टायटन, म्हणजे ब्राव्होसच्या दारातला तो पुतळा, उभा केला असता तर शत्रूने त्याला रामराम करून शेजारच्या दाराने प्रवेश केला असता.

टायटनला अर्थ आहे तो ब्राव्होसभोवती डोंगर आहेत म्हणून. काळ्या खडकाच्या रांगा, त्यांत एक खिंड, आणि त्या खिंडीवर दोन्हीकडे पाय रोवलेला जवळपास ४०० फुटी योद्धा. पाय त्याच खडकातून कोरलेले, कमरेपासून वर हिरवट पडलेलं ब्राँझ, केसांच्या जागी हिरव्या रंगाचे दोरखंड, एका हातात मोडकी तलवार. आर्या पहाटे गलबताच्या नाळेवर उभी असते. डोळ्यांच्या खोबणीतली आग तिला आधी लांबून ताऱ्यासारखी वाटते. मग गलबत त्याच्या पायांखालून जाताना ती मान वर करते, तर घागऱ्यासारख्या चिलखताच्या आत भोकंच भोकं: बाण मारायला, उकळतं काहीतरी ओतायला. लहानपणी म्हातारी नॅन सांगायची, हा टायटन सरदारांच्या घरच्या कोवळ्या पोरी खातो, आणि ते तिला नेमकं तेव्हाच आठवतं! आत शिरलं की पुढ्यात आर्सेनल, गलोलींनी आणि दगडफेक्या यंत्रांनी काटेरी झालेलं बेट. पुढे परक्या जहाजांची झडती, मग बंदरंही वेगवेगळी: पर्पल हार्बर फक्त ब्राव्होसच्या गलबतांना, बाकी सगळ्यांना रॅगमन्स हार्बर. एक दार, दारावर पहारा, आत झडती आणि त्याच्याही आत पंक्तिभेद. पिढ्यान्‌पिढ्या लपून राहिलेल्या माणसांनी बांधलेलं बंदर असंच दिसणार.

पुतळ्याचं मूळ कुणी विचारेल म्हणून सांगतो, ते ऱ्होड्स बेटावरचं. पण तिथला कोलोसस जेमतेम ३३ मीटर होता, इसवी सनापूर्वी २२६ च्या भूकंपात कोसळला, आणि बंदराच्या तोंडावर दोन पाय फाकून उभा असल्याचं चित्र मध्ययुगातल्या लोकांच्या डोक्यातून आलेलं आहे. मार्टिनने वास्तवापेक्षा ती थाप उचलली. छान केलं.

तक्त्यात नसलेली, पण माझ्या मते सगळ्यात बोलकी ओळ म्हणजे गोडं पाणी. मालवणच्या माणसाला समुद्रातली वस्ती दाखवा, तो आधी पाण्याचं विचारेल. सिंधुदुर्ग किल्ल्यावर तटाइतकंच कौतुक दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव यांचं होतं ते उगाच नाही. व्हेनिसच्या कुठल्याही चौकात मधोमध कोरीव दगडाचं विहिरीचं तोंड दिसतं. ती विहीर नव्हेच. सगळा चौक काही मीटर खणायचा, तळाला आणि बाजूंना चिकणमातीचा जाड लेप द्यायचा, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. मग आत वाळू भरायची आणि मधोमध विटांचा आड बांधायचा. छपरांवरचं पावसाचं पाणी फरशीतल्या दगडी जाळ्यांतून वाळूत उतरतं आणि गाळून आडात येतं. चौक म्हणजे झाकलेलं टाकंच. अशी हजारो होती. पाऊस कमी पडला की ब्रेन्ता नदीचं पाणी होड्यांनी यायचं. मुख्य जमिनीवरून नळाचं पाणी आलं ते थेट १८८४ साली.

आणि ब्राव्होसमध्ये? खाजण ओलांडून मुख्य जमिनीवरून गोडं पाणी आणणारा भलाथोरला दगडी पाट. इथे मला लेखकाचा कान धरावासा वाटतो. लपून राहणाऱ्या गावाने मैलोन्‌मैल लांबून दिसणारी, एका ठिकाणी फोडली की अख्खं शहर तहानेने मारणारी वस्तू बांधावी? पत्ता जाहीर झाल्यावर बांधली असेल, असं मी स्वतःचं समाधान करून घेतो. पण नेमकं इथेच त्याने व्हेनिसची नक्कल मारली असती तर गाव जास्त पटलं असतं.

मुखवट्यांची ओळ पटकन संपवतो. व्हेनिसमध्ये मुखवटा चढवायचा तो शेजाऱ्याने ओळखू नये म्हणून. १२६८ सालीच मुखवटेवाल्यांच्या अंडी फेकण्यावर बंदी घालावी लागली होती, यावरून काय ते समजा. ब्राव्होसचा उत्सव दहा दिवस चालतो, दहाव्या मध्यरात्री टायटन गर्जतो आणि हजारो माणसं एकदम मुखवटे उतरवतात. ती उथेरोने गावाचा पत्ता जाहीर केल्याची आठवण आहे. एकीकडे सगळी मजा चेहरा झाकण्यात, दुसरीकडे तो उघडण्यात. तक्त्यात दोन्हीपुढे एकच शब्द: ‘कार्निव्हल’.

बँकेच्या ओळीत तर शहरच चुकलंय. व्हेनिसमधली सरकारी बँक १५८७ ची, म्हणजे भरभराटीचा काळ उलटल्यावरची. ब्राव्होसची आयर्न बँक जुन्या लोखंडाच्या खाणीत सुरू झाली. तेवीस जण, सोळा पुरुष आणि सात बायका, प्रत्येकाकडे तळघराची एक किल्ली. आज त्या किल्ल्यांच्या वारसांची संख्या हजारावर आहे. म्हणजे भागधारकच म्हणा. हे चित्र जेनोवाच्या सेंट जॉर्ज बँकेशी जुळतं. ती १४०७ ची, तिचे हिस्से विकले जायचे, आणि १४५३ पासून तिने कॉर्सिका बेटाचा कारभारही पाहिला. जेनोवा म्हणजे व्हेनिसचा हाडवैरी, तोच किओज्जावाला. आणि कर्ज बुडवलं की आयर्न बँक त्या राजाच्या शत्रूला पैसे पुरवते, ही युक्ती फ्लॉरेन्सच्या बार्दी आणि पेरुझ्झी घराण्यांना सुचली असती तर बरं झालं असतं. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४० च्या दशकात कर्ज थकवलं, आणि इतर तोट्यांच्या जोडीने त्या थकबाकीनेही ती दोन्ही घराणी बुडाली.

देवांचा तक्त्यात उल्लेखही नाही, म्हणून मीच काढतो. व्हेनिसचा धनी एक, संत मार्क. ८२८ साली त्याचे अवशेष अलेक्झांड्रियातून पळवून आणले आणि पुढे जिथे तिथे पंखवाला सिंह बसला. ब्राव्होसच्या मूळ वस्तीत जगभरातून पकडून आणलेली माणसं होती, प्रत्येकाचा देव वेगळा. म्हणून तिथे देवांचंच एक बेट आहे. सगळ्यात मोठं देऊळ वाट दाखवणाऱ्या मूनसिंगर्सचं, पण राजदेव असा कुणीच नाही.

मग लोकांना हे व्हेनिसच का वाटतं? माझ्या मते दोष टीव्हीचा. २०१५ च्या पाचव्या सीझनमधल्या ब्राव्होसचं चित्रीकरण क्रोएशियातल्या शिबेनिकला झालं, आणि तिथलं सेंट जेम्स कॅथीड्रल आयर्न बँक म्हणून दाखवलं. शिबेनिक १४१२ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसच्याच ताब्यात होतं. डोळ्यांना व्हेनिस दिसलं ते तिथल्या दगडातून.

गंमत त्याच किनाऱ्यावर थोडी दक्षिणेला आहे. डुब्रोवनिक १३५८ साली व्हेनिसच्या हाताखालून सुटलं आणि २७ जानेवारी १४१६ रोजी तिथल्या कौन्सिलने आपल्या नागरिकांना गुलामांच्या व्यापाराची बंदी केली. (तिथला रक्षक संत ब्लेझ. तोच आपल्या गोव्यात गवंडाळीच्या चर्चमध्ये सां ब्रास म्हणून बसलाय.) लाँग कॅनॉलच्या कमानीला खऱ्या ॲड्रियाटिकवर कुणी सख्खं असेल तर ते डुब्रोवनिक. आणि टीव्हीवाल्यांनी त्याला बनवलं काय, तर मालिकेतली राजधानी, किंग्ज लँडिंग.