'आईसोबतचा दिवस वाया गेला' या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. दोन तारे, आणि खाली लिहिलंय: 'सेंट पीटर्सबर्गमध्ये दहाची वेळ देऊन बाई पावणेअकराला उगवल्या. सत्तरीच्या आईला चौकात वाऱ्यात उभं राहावं लागलं. हर्मिटेज संग्रहालय दोन तासांत गुंडाळलं, सेंट आयझॅक चर्चच्या सज्जावर आईला नेलंच नाही, दिवसभर चालवून दमवलं. वर दोन माणसांचे पैसे, तेही रोख.'

काकूंना वाऱ्यात तिष्ठावं लागलं याचं खरंच वाईट वाटतं. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

आता त्या पावणेअकराचं. बाकी सगळं मी एक वेळ गिळलं असतं, पण मराठी कुटुंबांना हे शहर दाखवायचं काम मी आणि माझा नवरा असे आम्ही दोघंच करतो. मागे कंपनी नाही, ऑफिस नाही. तुमचा अभिप्राय आल्यापासून चौकशीच्या फोनवर पहिला प्रश्न 'ताई, तुम्ही वेळेवर येता ना?' हाच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तरी वाचा.

सर, मी पॅलेस चौकात अलेक्झांडर स्तंभाखाली पावणेदहाला पोचले होते. टॅक्सीची पावती आहे माझ्याकडे, 9 वाजून 41 मिनिटांची. तुम्ही दुबईहून आदल्या रात्री उतरलात. दुबईचं घड्याळ इथल्यापेक्षा एक तास पुढे असतं. तुमच्या हातातलं घड्याळ दुबईच्या वेळेवरच राहिलं होतं, आणि रोमिंगचं बिल येईल म्हणून फोन तुम्ही विमानात होता तसाच ठेवला होता, त्यामुळे तोही आपणहून बदलला नाही. तुम्ही दहाला म्हणून आलात तेव्हा इथे नऊ वाजले होते. सूर्य बघून अंदाज यावा तर जूनमध्ये तीही सोय नाही, इथे रात्री साडेदहालाही चक्क उजेड असतो. तेव्हा गैरसमज होऊ शकतो, मान्य. पण तो माझ्या नावावर, आणि तोही असा जाहीरपणे?

पटत नसेल तर तुमच्याच फोनमध्ये पुरावा आहे. आपण पीटर-पॉल किल्ल्यात होतो तेव्हा नारिश्किन बुरुजावरून तोफ उडाली. ती रोज दुपारी बरोबर 12 ला उडते. ही प्रथा जुनी आहे, मधे बंद पडली होती ती 1957 मध्ये शहराच्या अडीचशे वर्षांच्या सोहळ्यात पुन्हा सुरू झाली, आणि या गावच्या माणसांनी त्या आवाजावर आपली घड्याळं जुळवली आहेत. तुम्ही तिचा व्हिडिओ घेतलात. काकू 'अगं बाई!' म्हणून माझा दंड धरतात तेही त्यात आलं असेल. त्या व्हिडिओची वेळ काढून बघा. दुपारचा 1 दिसेल. तेव्हाही तुम्ही म्हणालात, 'इथे एक वाजता तोफ उडवतात वाटतं.' आपल्यासोबतच्या रशियन गाइड बाईंना ते भाषांतर करून सांगितलं तर त्या हसल्या. मी तुम्हाला 'सर, ही बाराची' असं म्हटलं, तुम्ही 'असेल' म्हणून पुढे गेलात. काकूंच्या देखत मुलाला घड्याळ दाखवत बसणं मला बरं दिसेना, म्हणून मी विषय वाढवला नाही. त्या भिडेची किंमत आता दोन तारे.

आणखी एक. माझं काम दहा ते सहा असं ठरलं होतं. सहाला तुम्हाला हॉटेलवर सोडलं तेव्हा तुमच्या मनगटावर सात वाजले असणार. सकाळचा पाऊण तास गेला म्हणून लिहिलंत, मग संध्याकाळी तुमच्याच हिशोबाने एक तास वरचा मिळाला, तो का नाही लिहिला? तुमचे बाकीचे अभिप्रायही मी पाहिले (पाहतो आम्ही, पोटाचा प्रश्न आहे). हॉटेललाही तुम्ही 'नाश्ता तासभर उशिरा सुरू करतात' म्हणून तारे कापलेत. त्यांच्या वतीने मी बोलत नाही, पण तासभरच का, याचा विचार करून बघा.

बाकीचे मुद्दे थोडक्यात.

हर्मिटेज दोन तासांत गुंडाळलं आणि आईला चालवून दमवलं, हे दोन्ही तुम्ही एकाच अभिप्रायात लिहिलंय. तिथल्या संग्रहात 30 लाखांहून जास्त वस्तू आहेत, दोन दिवस दिले तरी 'सगळं पाहिलं' असं कुणी म्हणू शकत नाही. काकूंचे गुडघे जॉर्डन जिन्यावरच बोलायला लागले होते. म्हणून मी मोजकी दालनं घेतली आणि त्यांना पॅव्हेलियन हॉलमध्ये मोराच्या घड्याळाजवळ निवांत थांबू दिलं. इंग्लंडहून आलेलं ते सोनेरी झाड, त्यावर मोर, कोंबडा, पिंजऱ्यातलं घुबड. तास-मिनिटांचे आकडे कुठे आहेत ते कुणाला पटकन सापडत नाही, ते खाली अळंबीच्या टोपीत आहेत. काकूंनी ते न सांगता शोधून काढलं. शेजारच्या पडद्यावर मोर पिसारा फुलवतो ती चित्रफीत त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली. तुम्ही तेव्हा पुढच्या दालनात सेल्फी काढत होतात, त्यामुळे तुम्हाला हा वेळ 'वाया' वाटला असेल.

सेंट आयझॅकच्या घुमटाखालच्या सज्जावर जायला 262 पायऱ्या आहेत, त्याही गोल जिन्याच्या. हे मी बुकिंगच्या वेळीच लिहून कळवलं होतं. काकूच म्हणाल्या, 'तू जा रे, मी खाली बसते.' तुम्ही गेलात, पाऊण तासाने आलात. तेवढा वेळ मी त्यांच्याबरोबर बाकावर होते आणि माझ्यासाठी तो दिवसातला सगळ्यात छान वेळ होता. सकाळी किल्ल्यातल्या कॅथेड्रलमध्ये त्यांनी रोमानोव्ह राजघराण्याची थडगी पाहिली होती. जवळजवळ सगळी पांढऱ्या संगमरवराची, एकसारखी. त्यात दोनच वेगळी, दुसऱ्या अलेक्झांडरचं हिरव्या दगडाचं आणि त्याच्या राणीचं गुलाबी. ते गुलाबी त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. 'राजाला मारलं कुठे मग?' त्यांनी विचारलं. मी सांगितलं की 1881 मध्ये कालव्याच्या काठी त्याच्यावर बॉम्ब टाकला आणि नेमक्या त्या जागेवर नंतर चर्च बांधलं, 1883 ते 1907 अशी तब्बल चोवीस वर्षं. त्यावर त्यांनी सासरच्या एका भाऊबंदकीची अशी गोष्ट सांगितली की मी इथे लिहू शकत नाही. ते चर्च त्यांना बघायचं होतं म्हणूनच आपण शेवटी नेव्हस्की या मुख्य रस्त्यावरून तिकडे वळलो. ते कार्यक्रमात नव्हतं, त्याचे जादा पैसे मी घेतले नाहीत. वाटेत 14 नंबरच्या घरावर दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वेढ्याच्या काळातली निळी पाटी आहे, 'तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू जास्त धोक्याची' अशा अर्थाची. तिथे खाली फुलं ठेवलेली होती. काकू थांबल्या आणि विचारत राहिल्या, 872 दिवस लोकांनी खाल्लं काय म्हणून. असं विचारणारं पर्यटक रोज भेटत नाही, सर. ज्या बाईंनी एवढं सगळं पाहिलं, विचारलं, त्यांचा दिवस वाया गेला असं मला तरी दिसलं नाही. त्यांना एकदा विचारा.

दोन माणसांचे पैसे का? इथे माहिती सांगत लोकांना फिरवायला परीक्षा देऊन ओळखपत्र मिळवलेला गाइड लागतो. म्हणून त्या रशियन बाई सोबत असतात आणि मी मराठीत सांगते. मी मराठी आहे म्हणून मला नियम माफ नाहीत. रोखीचं म्हणाल तर बाहेरच्या देशात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं मार्च 2022 पासून या देशात चालत नाहीत. हे मी नाही ठरवलं, आणि मेसेजमध्ये ठळक अक्षरात लिहिलं होतं.

जेवणाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, याचा अर्थ ते ठीक झालं असं धरते. दुपारी काकूंनी ब्लिनी खाल्ल्या, 'हे तर आपलं घावन' म्हणाल्या आणि अजून एक मागवली. त्या दुकानात मांसाचा चमचा वेगळा ठेवतात की नाही हे मी आत जाऊन विचारून आले होते, तेही असो.

आमचा धंदा मे ते सप्टेंबर. डिसेंबरात इथे सहा तासांचाही धड दिवस नसतो, तेव्हा मराठी माणूस कशाला येतोय. युरोपातल्या बहुतेक देशांतून येणारी थेट विमानं बंद झाल्यापासून तर एकेका कुटुंबावर आमचा महिना चालतो. तुमच्या दोन ताऱ्यांनी सरासरी किती खाली आली ते आकड्यात सांगत नाही, पण ती रोज सकाळी उठून मी बघते.

सुधारणा म्हणाल तर यापुढे वेळेच्या मेसेजमध्ये 'इथल्या घड्याळाप्रमाणे' असं लिहू, ज्येष्ठांसाठी घडीची खुर्ची सोबत ठेवायचाही विचार चालू आहे, आणि शक्यतो चौकाऐवजी हॉटेलवरूनच घ्यायचं बघू.

तो तोफेचा व्हिडिओ तेवढा उघडून बघा. पटलं तर अभिप्राय दुरुस्त करा, नाही पटलं तर राहू द्या, माझी बाजू मी मांडली. स्तंभाखाली काढलेले काकूंचे फोटो अजून माझ्याकडे आहेत, अख्खा 47.5 मीटरचा खांब नुसता स्वतःच्या वजनावर उभा आहे हे ऐकून त्या दोन पावलं मागे सरकल्या तो फोटोही त्यात आहे. तुमच्या नंबरवर पाठवले, पण पोचल्याची खूण दिसत नाही. दुसरा नंबर असेल तर मेसेजमध्ये कळवा, इथे जाहीर लिहू नका. काकूंना नमस्कार सांगा.