पाटी लावण्याआधी

पुण्यामुंबईच्या जुन्या मैत्रिणींमध्ये सध्या एक वाद रंगलाय. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झालेल्या व्यक्तीने समुपदेशनाची पाटी लावून फी घ्यावी का? काहींच्या मते समाजकार्य ही सेवा, तिचे पैसे कसले घ्यायचे. काहींना भीती वाटते, की मानसशास्त्र न शिकलेली मंडळी मनाशी खेळतील. मी कॅलिफोर्नियात हेच काम करते. हिंसा, अत्याचार, अपघात यांतून गेलेली माणसं माझ्या खासगी प्रॅक्टिसमध्ये येतात. मला वाटतं, या वादात खरा प्रश्न राहूनच जातोय. पाटी लावण्याआधी त्या व्यक्तीला घडवलं कुणी?

इथे एमएसडब्ल्यूनंतर किमान १०४ आठवडे आणि ३००० तास देखरेखीखाली काम करावं लागतं, मग परीक्षा, मग परवाना. दर आठवड्याला अनुभवी व्यक्तीसमोर बसायचं आणि आपण काय विचारलं, का विचारलं, कुठे थांबलो, हे सगळं सांगायचं. माझ्या मते खरं शिक्षण तिथेच होतं.

कारण आघातावरचं काम 'बोल आणि मोकळी हो' इतकं सोपं नसतं. तयारी नसताना सगळं उकरून काढलं, तर माणूस पुन्हा त्याच प्रसंगात जाऊन पडतो. कितीतरी जणी सुरुवातीला मांडीवरची पर्ससुद्धा खाली ठेवत नाहीत. त्यांची खुर्ची अशी ठेवावी लागते, की दार दिसलं पाहिजे आणि वाटेत मी येता कामा नये. पाय जमिनीला टेकलेत का, श्वास कुठे अडकतोय, इथून सुरुवात. ईएमडीआरसारख्या पद्धतीने, डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने आठवणीला हात घालायचा तो बराच नंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शिफारस केलेली ही पद्धत आहे, पण ती घाईत वापरायची नाही.

आणि समाजकार्याचं शिक्षण इथे पदोपदी उपयोगी पडतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला झोप लागत नसेल, तर तिचा पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे हेही विचारावं लागतं. हे मी मुंबईच्या पोलीस ठाण्यातल्या, हिंसा सोसणाऱ्या बायकामुलांसाठीच्या स्पेशल सेलमध्ये शिकले. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी १९८४ मध्ये सुरू केलेलं हे काम. तिथल्या समाजकार्यकर्त्या ताई तक्रार ऐकता ऐकता राहायची सोय, मुलांची शाळा, वकील, सगळं बघत.

अमेरिकेचं सगळंच उचलावं असं मी म्हणणार नाही. इथले कितीतरी थेरपिस्ट येणाऱ्यांचा आरोग्य विमा स्वीकारत नाहीत आणि ज्यांना सर्वात जास्त गरज आहे त्यांना त्यांची फी परवडत नाही. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने समाजकार्यकर्त्यांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण नव्या मुलींना शिकवणार कोण, आणि त्या वेळेचे पैसे कोण देणार? पोलीस ठाण्यांत वर्षानुवर्षं काढलेल्या त्या ताईंना रीतसर पगार देऊन हे काम सोपवा. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलीने उद्या पाटी लावली, फी घेतली, तर माझी काहीच हरकत नाही.