तोफ, तिथी आणि कुळीथ

कोकणात चार दिवस फोटो काढायला जायचं ठरलं की दिवाणावर कॅमेऱ्याचा पसारा मांडून बसावं लागतं. दोन बॉड्या (लेन्स काढलेले नुसते कॅमेरे), चार लेन्स, ट्रायपॉड, फिल्टरच्या डब्या आणि कशाच्या आहेत ते आता कुणालाच न आठवणाऱ्या वायरी. घरातली मंडळी येता-जाता बघतात आणि एवढंच विचारतात, ‘‘आणि कपडे?’’ प्रश्न रास्त असतो. १५०-६०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स दोन किलो, बॉडी पाऊण किलो, हेडसकट ट्रायपॉड अडीच किलो. लँडस्केपची लेन्स, मधली लेन्स, बॅटऱ्या, चार्जर आणि रिकाम्या बॅगेचंच दीड-दोन किलो धरलं की काटा नवाला टेकतो. हे ओझं घेऊन एसटीत चढायचं, आणि मुक्कामाचं घर असतं नेमकं पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, तळाशी. दुपारी उतरताना मजा वाटते. पहाटे पाचला वर चढताना बॅगेतली एकेक वस्तू आपापली किंमत सांगू लागते.

दुकानात यातलं काही कळत नाही. तिथे एसी, सपाट फरशी आणि लेन्स हातात फक्त दोन मिनिटं. इथे खारा वारा, पायाखाली वाळू नाहीतर शेवाळलेला जांभा. म्हणून बॉडीवर फार जीव टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गेल्या सहा-सात वर्षांतली कुठलीही बरी बॉडी चालते. ‘वेदर सील’ या शब्दावर तर मुळीच भाळू नये. त्याचा अर्थ भुरभुर पावसात कॅमेरा तग धरेल एवढाच. खाऱ्या लाटेशी त्याचा करार झालेला नसतो. दुसरी बॉडी मिरवायला म्हणून नेऊ नये, पण किनाऱ्यावर लेन्स बदलावी लागू नये म्हणून जरूर न्यावी. बदलायचीच वेळ आली तर वाऱ्याकडे पाठ करावी, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे ठेवावं आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजायच्या आत काम उरकावं. सेन्सरवर बसलेला वाळूचा कण एफ ११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केल्यावर, निरभ्र आकाशात असा काही उठून दिसतो की बघणारा विचारतो, ‘‘घार का हो?’’

खरी भानगड लेन्सची. १५०-६०० हे आमच्या जमातीचं नवसाचं लेकरू. गावात शिरताच कुणीतरी ओट्यावरून हाक मारतं, ‘‘काय हो, तोफ आणलीत काय?’’ छाती फुगते. आता या तोफेचा हिशेब पाहू. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर, ६०० ला दहा मीटरवरची साठ सेंटिमीटर रुंद चौकट दिसते. तिबोटी खंड्या जेमतेम तेरा सेंटिमीटरचा, म्हणजे चौकटीचा पाचवा भाग. ठीक. पण क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर ४०० लावली तरी चौकट जवळजवळ तेवढीच मिळते, कारण निकॉन-सोनीत दीडपट आणि कॅननमध्ये १.६ पट फायदा आपोआप होतो. वजन मात्र किलोभराने उतरतं. १००-४०० तर साडेसहाशे ग्रॅमचीही मिळते, पण टोकाला एफ ८, म्हणजे छिद्र लहान आणि उजेड कमी. आणि तिबोटी खंड्या पावसाळ्यात गर्द झाडीत, ओहोळाकाठी, जिथे भरदुपारी कंदील लावावा अशा उजेडात येतो. तिथे १/१२५ सेकंदाचं शटर आणि आयएसओ (सेन्सरची उजेड ओढायची ताकद) ६४०० वर गाडं अडतं, आणि एफ ८ वाला शटर १/६० वर आणून पक्ष्याने श्वाससुद्धा घेऊ नये अशी प्रार्थना करत बसतो. फ्लॅश मारू नये आणि बिळासमोर ठाण मांडू नये. आपण बसून राहिलो की आईबाप चोचीत पाल धरून फांदीवर ताटकळतात आणि पिल्लं आत उपाशी.

डॉल्फिनचं गणित याच्या अगदी उलटं. देवबाग-तारकर्लीला नाहीतर दापोलीजवळच्या मुरूडला होडीत बसून ६०० लावली, की पन्नास मीटरवर चौकट उरते तीन मीटरची. डॉल्फिन अडीच मीटरचा, त्यातही वर येते ती पाठ आणि पाठीवरचा पर, तीही दीड सेकंद. होडी हलते, आपण हलतो, समुद्राला तर तेवढंच काम. आपल्याला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं पाणी, निळं पाणी आणि शेजारच्या होडीतल्या काकांची टोपी. होडीवाला शेवटी कळवळून म्हणतो, ‘‘अवो, डॉल्फिन हय आसा, तुमी थंय खंय बघतास?’’ इथे १००-४०० किंवा चक्क ७०-३०० न्यावी आणि दोनशेच्या आसपास ठेवावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाणी फुटलं की मगच कॅमेरा उचलावा. शटर १/२००० च्या खाली आणू नये, आयएसओ ऑटोवर सोडावा, फोकस सतत चालणारा आणि त्याची चौकट रुंद ठेवावी. होडीत ट्रायपॉड लावणाऱ्याला मात्र मी हात जोडतो. इंजिनाची थरथर तिन्ही पायांनी वर चढते आणि फोटो बेंजोच्या तारेसारखा येतो.

वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तिथे तर तोफेला कामच नाही. पिल्लू तळहाताहून लहान, गर्दी थोपवणारी दोरी आपल्यापासून चार हातांवर. ७०-२०० पुरते. दोरीच्या अलीकडे पोटावर पडावं, लेन्स वाळूपासून वीतभर वर. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, मोबाइलचा दिवासुद्धा नाही: पिल्लू उजेडाच्या रोखाने चालतं, आणि आपल्या दिव्यामुळे ते समुद्र सोडून पार्किंगकडे निघालं तर त्याला परत बोलावता येत नाही.

गाडीच्या खिडकीवर किंवा गडग्यावर (दगडी कुंपणावर) लेन्स टेकायला बीन बॅग लागते. दुकानात ती भरलेली मिळते. तसली घेऊ नये. रिकामी कापडी पिशवी न्यावी, चेन धडकी हवी, आणि मुक्कामी पोचल्यावर वाण्याकडून दोन किलो कुळीथ घेऊन पाऊण भरावी. गच्च भरली तर ती उशी होते आणि लेन्स घरंगळते. तांदूळ चालतात, पण त्यांचा कोंडा बॅगभर होतो. थर्मोकोलचे मणी हलके म्हणून घ्यावेत, तर वाऱ्याने पिशवीच उडते. कुळीथ लेन्सखाली हवा तसा बसतो आणि चार दिवसांनी फुकट जात नाही.

आता लँडस्केप. हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग टिपायला माणूस हौसेने १६-३५ ची रुंद लेन्स काढतो आणि घरी येऊन बघतो तर किल्ला काडेपेटीएवढा, उरलेल्या फोटोत आकाश आणि वाळू. रुंद लेन्सला पायाशी काहीतरी लागतं: जांभ्याचा कातळ, ओल्या वाळूवरच्या रेघा, उलटी घातलेली होडी. त्यालाही अगदी हातभर जवळ जावं लागतं. किल्ला मोठा हवा असेल तर पक्ष्यांसाठी आणलेली १००-४०० च काढावी. ती लाटा आणि तटबंदी एकमेकांजवळ ओढून आणते. दुपारी मात्र तिलाही विश्रांती द्यावी. तापलेल्या वाळूवरची आणि सड्यावरची (उघड्या कातळी माळावरची) हवा थरथरते, आणि लाखाची लेन्स घेतली तरी किल्ला पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. फोकस बिघडला म्हणून लेन्स दुरुस्तीला टाकणारे लोक बहुधा दुपारी एकचे फोटो घेऊन जातात.

किनाऱ्यावर सगळ्यात उपयोगी पडणारी वस्तू मात्र स्वयंपाकघराच्या दाराला लटकत असते. कॅलेंडर. कोळी पिढ्यान्पिढ्या करतात तो हिशेब आपणही करावा: तिथीला पाऊणाने गुणलं की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तीच सकाळी, तीच रात्री. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरे. सूर्यास्ताला ओली वाळू, तिच्यातलं आकाश आणि उघडे पडलेले कातळ हवे असतील तर पौर्णिमा-अमावस्या किंवा त्यांच्या दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा धरावी. तेव्हा दुपारी बाराच्या सुमारास उधाण येतं आणि संध्याकाळी पाणी पार मागे जातं. अष्टमीला गेलात तर सहा वाजता भरती चढलेली, कातळ बुडालेले आणि आपण सुरूच्या बनात पाठ टेकून उभे. ऑफिसची रजा मात्र शनिवार-रविवार बघून मिळते, तिथी बघून नाही. हे दुःख कुठल्याच लेन्सने जात नाही. पाण्यात पुढे गेलेल्या कातळावर उभं राहणार असाल तर तोंडी हिशेबावर विसंबू नका, भरतीचा तक्ता बघा. पाणी आधी मागच्या बाजूने भरतं.

फिल्टरचं वेड हा वेगळा अध्याय. दहा स्टॉपचा एनडी, म्हणजे दहादा निम्मा करणारी काळी काच, प्रकाश हजारपटीने कमी करतो. १/६० चं शटर सोळा सेकंदांवर जातं. सोळा सेकंदांत समुद्राची सोलकढी होते, सूर्यास्ताला तर रंगासकट. लाट लाटेसारखी दिसायला हवी असेल तर अर्धा ते एक सेकंद पुरतो, आणि त्याला तीन नाहीतर सहा स्टॉप बस्स. त्यापेक्षा पोलरायझर घ्यावा. ओला जांभा, माडाच्या झावळ्या, पावसातली शेतं यांच्यावरची पांढरी चमक तो काढून टाकतो आणि रंग वर येतो. रुंद लेन्सवर मात्र आकाशात मध्येच गडद पट्टा उमटतो, म्हणून चोवीसच्या खाली जपून.

ट्रायपॉड वाळूत उभा केला की तो उभा राहिला असं आपल्याला वाटतं. प्रत्येक लाट पायाखालची वाळू थोडी थोडी नेते आणि एक्स्पोजर चालू असतानाच तो नम्रपणे वाकतो. ओल्या वाळूत पाय दाबून, हलवून, वीतभर खाली घालावेत. कोरड्या वाळूत प्रत्येक पायाखाली करवंटी ठेवावी. पाय लांब करताना सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण काढावा, म्हणजे वरची कुलपं वाळूच्या आणि पाण्याच्या वर राहतात. बहुतेक जण जाड भाग आधी काढतात आणि दुसऱ्या दिवशी कुलूप फिरवलं की आतून जात्यावर दळण बसल्याचा आवाज येतो. कॅमेऱ्याखालच्या प्लेटचा पाव इंची स्क्रू एक जादा ठेवा. तो नेमका पहाटेच्या अंधारात गळतो.

राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं बघायला गेलात तर सकाळी पहिल्या तासात किंवा शेवटच्या. सूर्य डोक्यावर आला की कोरलेली रेघ नाहीशी होते आणि फोटोत नुसता सडा उरतो. देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ होकायंत्रही बहकतं, तेव्हा सूर्य कुठून उगवणार हे मोबाइलला विचारू नये, गावकऱ्याला विचारावं. ड्रोन नेणाऱ्यांनी परवानगीचा नकाशा आधी बघावा. किनाऱ्यावर समुद्री गरुडाचं घरटं असेल तर ड्रोन बॅगेतच बरा.

कार्डांबद्दल एकच हिशेब. एक रॉ, म्हणजे कच्ची, फाइल तीस एमबी धरली आणि कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढत असेल, तर ६४ जीबीचं कार्ड दोन मिनिटांच्या आत संपतं. कुरवांचा थवा उडाला म्हणून बटण दाबून धरणाऱ्यांनी हे लिहून खिशात ठेवावं. बॅटऱ्या तीन, वारा सुटला की लाइट जाते, आणि आली की घरातल्या एकमेव सॉकेटवर यजमानांचा मिक्सर हक्क सांगतो.

आणि दमट हवा. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांवर राहिली की लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळिष्टकासारखी, आणि काचेवरचा थर खाते. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढ्याने भागतं. काटा चाळीस-पन्नासमध्ये राहू द्या. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेवर भाजून पुन्हा निळं करायचं. त्यासाठी कढई वेगळी ठेवा, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतो. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरण्याचा उपाय सर्वत्र सांगतात. त्याने ओल फारशी जात नाही आणि बटणांत पीठ जातं. मुक्कामाला एसीची खोली घेतलीत तर सकाळी बॅगेची चेन लगेच उघडू नका. गार काचेवर बाहेरची हवा लागली की आतबाहेर धुकं धरतं. बंद बॅग पाऊण तास ओट्यावर ठेवा आणि तोवर चहा घ्या.

पावसाला इरलं हवं. कॅमेऱ्याची तयार इरली मिळतात, पण हॉटेलातली शॉवर कॅप आणि मोठी प्लॅस्टिकची पिशवी यांचं काम तेवढंच होतं. लेन्सच्या तोंडावर हूड लावलेला असू द्या आणि गळ्यात पंचा. लेन्सवर खारे तुषार उडाले तर कोरड्या फडक्याने घासायचं नाही. आधी फुंकणीने फुंकायचं, मग गोड्या पाण्यात ओलसर केलेल्या फडक्याने टिपायचं. मिठाचा खडा काचेवर फिरला की ओरखडा कायमचा. फिल्टरच्या दुकानदाराचं ‘संरक्षणासाठी काच लावा’ हे म्हणणं इतर ठिकाणी मी हसण्यावारी नेतो. इथे मान्य करतो.

घरी आल्यावर ट्रायपॉडला अंघोळ. सगळे भाग उघडून गोड्या पाण्याखाली धरायचे, आणि दोन दिवस बाथरूमच्या दाराला टांगायचा. घरातल्या माणसांची त्या दोन दिवसांत होणारी अडचण गृहीत धरलेली आहे.

कुळीथ मात्र निघायच्या आधीच यजमानीणबाईंच्या सुपात ओतून द्यावेत. त्या ते पाखडतात, खडा निघतो, एखादं काटूक निघतं. आणि मग चार दिवस सगळी बॅग तीनदा उलटी करूनही न मिळालेला तो पाव इंची स्क्रू निघतो.