मान घासून उजळत नाही

माझ्या बहिणीच्या मुलीची मान तीन वर्षांपूर्वी काळवंडू लागली, तेव्हा घरातील प्रत्येक बाईने तिला एकच प्रश्न विचारला, "अंघोळ करताना मान घासत नाहीस का?" ती तेव्हा चौदा वर्षांची होती. लिंबाच्या फोडीवर साखर, मग बेसन आणि दही, मग खाण्याचा सोडा असे एकामागून एक उपाय तिच्या मानेवर झाले, आणि त्यांतले दोन मी स्वतः सुचवले होते. मान उजळली तर नाहीच. ती लाल झाली, चुरचुरू लागली आणि महिनाभरात पूर्वीपेक्षा गडद दिसू लागली. अखेर तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी मानेबरोबर काखाही पाहिल्या, वजन केले, पाळी नियमित येते का ते विचारले आणि रक्तातील साखर तपासून आणायला सांगितली.

मानेच्या आणि काखेच्या वळ्यांत येणारा, हाताला मखमलीसारखा जाडसर लागणारा हा काळेपणा मळ नसतो. डॉक्टर त्याला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासे झाले की रक्तातील इन्सुलिन वाढते, त्याच्या प्रभावाने त्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि कातडी जाड व गडद होते. पुढे मधुमेह होण्याची शक्यता असल्याची ही आगाऊ सूचना असू शकते, आणि मुलींमध्ये तिच्यासोबत पाळीच्या तक्रारीही पुष्कळदा असतात. म्हणजे जे आम्ही वर्षभर वरून घासून काढू पाहत होतो ते आतून येत होते, आणि त्या वर्षभरात ती मुलगी भर उन्हाळ्यातही गणवेशाची कॉलर वर करून शाळेत जात होती. याचे मला आजही वाईट वाटते, म्हणूनच हे लिहीत आहे.

घरगुती उपायांविषयी बोलताना आपण 'नैसर्गिक की रासायनिक' एवढ्याच प्रश्नाभोवती फिरतो. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: आपण जे लावतो त्याने त्वचेचा वरचा थर राखला जातो की ओरबाडला जातो? चेहऱ्यावरचा हा थर केसाच्या जाडीहूनही पातळ असतो, आणि शरीरातील ओलावा आत ठेवण्याचे व बाहेरचे जंतू बाहेर ठेवण्याचे काम तोच करतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा अंक, साधारण 4.5 ते 5.5 असतो; हा अंक जितका कमी तितके आम्ल अधिक. लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास असतो, आणि या मोजपट्टीवरील प्रत्येक अंक दहा पटींचा असल्यामुळे लिंबू त्वचेपेक्षा शेकडो पटींनी अधिक आम्ल ठरते. खाण्याचा सोडा याच्या नेमका उलट, 8 च्या पुढे, अल्कधर्मी. शिवाय लिंबाच्या, विशेषतः त्याच्या सालीच्या, रसात असे काही घटक असतात की तो अंगावर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि त्यांचे काळे ओघळ महिनोन्‌महिने राहतात. लिंबू सरबतात घालावे, चेहऱ्याला लावू नये, इतके स्पष्ट मी आता सांगते.

घासण्याचेही तसेच आहे. आपली त्वचा गव्हाळ किंवा सावळी असल्यामुळे कोणत्याही दाहाला ती रंगद्रव्य वाढवून उत्तर देते. त्यामुळे मुरूम फोडला की डाग राहतो, आणि नायलॉनच्या जाळीदार घासणीने रोज पाठ व दंड घासणाऱ्यांच्या अंगावर पुढे बारीक लाटांसारखे तपकिरी पट्टे दिसू लागतात. मग तेही मळाचे समजून अधिकच जोराने घासले जातात.

याउलट आपल्या काही जुन्या रीती मला अतिशय शहाण्या वाटतात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल लावले जाते आणि मग उटणे. या क्रमाला अर्थ आहे, कारण तेलाचा थर मध्ये असल्याने उटण्याचा खरखरीतपणा थेट त्वचेवर उतरत नाही. वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद यांचा सुगंध तर मनाला हवाच असतो. मात्र तेच उटणे कोरडे, पाण्यात कालवून, रोज तोंडाला चोळले की ते त्रासदायक ठरते.

टाचांच्या भेगांसाठी कोकणात कोकमाच्या बियांचे घट्ट तेल वापरतात. आमच्या आजीकडे त्याचा लाडवाएवढा पिवळसर गोळा असे. ते तेल खोलीच्या तापमानाला घट्टच राहते आणि साधारण 40 अंशांच्या आसपास वितळते, म्हणून आजी ते पळीत गरम करून, सोसेल इतके कोमट झाले की भेगेत सोडत असे. आधी दहा-पंधरा मिनिटे पाय कोमट पाण्यात, मग टिपून तेल आणि वरून सुती मोजे. थंडीत आठ-दहा रात्री हे नेमाने केले तर बहुतेक भेगा भरून येतात, आणि याहून चांगला उपाय मला अजून मिळालेला नाही. कोरड्या अंगाला अंघोळीनंतर ओलसरपणातच खोबरेल तेल लावणेही असेच गुणकारी आहे. पण तेच तेल मुरूम असलेल्या चेहऱ्यावर रंध्रे बुजवते, आणि कोंडा झालेल्या डोक्यात तर रात्रभर मुरवू नये, कारण कोंड्यामागची सूक्ष्म बुरशी तेलकटपणावरच पोसते. तिथे औषधी शाम्पू चार-पाच मिनिटे डोक्यावर ठेवून धुणे हाच सरळ मार्ग आहे.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. ती स्वयंपाकघरात नसते. फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात असते. शेजाऱ्यांनी दिलेली, औषधाच्या दुकानातून 'खाजेवर द्या' म्हणून आणलेली, अर्धी संपलेली मलमाची नळी. तिच्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे काही लिहिलेले असेल तर ते स्टेरॉइड, म्हणजे दाह व खाज दाबणारे औषध, आहे. योग्य आजारात, मोजके दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते उत्तम औषध आहे. नायट्यावर लावले तर मात्र दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. मलम थांबवताच वर्तुळे अधिक मोठी होऊन परततात. गोरेपणासाठी चेहऱ्यावर लावले तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरूम व लव वाढते, आणि थोडेसे ऊनही सोसत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टेरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच करण्याचे बंधन घातले. तरीही ती नळी आजही घरोघरी पोहोचते. 2023 मध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या आजाराचे असे रुग्ण आढळले ज्यांनी पारा असलेली गोरेपणाची क्रीम वापरली होती. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता नाही, ती कितीही 'आयुर्वेदिक' म्हणून सांगितली तरी घरात आणू नये.

टिकलीविषयीही सांगितले पाहिजे, कारण ती रोजची आहे. टिकलीच्या चिकट भागातील काही रसायने, विशेषतः पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल, काही जणींच्या त्वचेतील रंगपेशी मारतात आणि कपाळाच्या मधोमध पांढरा डाग पडतो. तिथे आधी खाज किंवा लाली आली तर टिकली त्याच दिवशी थांबवावी. डाग झाकण्यासाठी अधिक मोठी टिकली लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

माझ्या भाचीला डॉक्टरांनी मानेसाठी साधे मलम दिले. मुख्य भर चालणे, खेळणे, गोड सरबते व बेकरीचे पदार्थ कमी करणे आणि साखरेची नियमित तपासणी यांवर ठेवला. दीड वर्षात मान पुष्कळ फिकी झाली, पूर्ववत झालेली नाही. गेल्या मे महिन्यात नात्यातील एका लग्नात तिने केस वर बांधून अंबाडा घातला होता. एका आजींनी तिच्या मानेकडे पाहून तोच जुना प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या बहिणीने त्यांना शेजारी बसवून घेतले आणि त्यांच्या नातवाची मान कशी आहे, ते विचारले.