घरफाळ्यातला शिक्षण कर आणि गुरुजींची पेन्शन

"सगळा पैसा पेन्शनीत जातो, म्हणून शाळा गळतात." जुन्या पेन्शनसाठी शिक्षक-कर्मचाऱ्यांनी केलेल्या मार्च 2023 च्या संपात हे वाक्य कोल्हापुरात चहाच्या प्रत्येक गाड्यावर ऐकू येत होतं, आणि आंदोलनाची हाक आली की अजूनही येतं. ते अर्धं खरं आहे. फक्त लोक खोट्या अर्ध्यावर भांडतात.

घरफाळ्याचं बिल काढून बघा. त्यात शिक्षण कराची ओळ आहे. तो कर महापालिकेचा नाही. 1962 च्या कायद्याने तो राज्याचा आहे, महापालिका फक्त वसूल करून शासनाकडे भरते. उसासारख्या बागायती नगदी पिकांखालच्या जमिनीवर उपकराची तरतूदही त्याच कायद्यात आहे. म्हणजे शहर असो की शिरोळ, शाळेच्या नावाने पैसा इथून जातो. पण तो आपल्याच गल्लीतल्या शाळेत परत येत नाही. राज्याच्या तिजोरीतून तो हेडनुसार, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या शीर्षानुसार, बाहेर पडतो, आणि एका हेडचा पैसा दुसरीकडे वळवायचा अधिकार ना मुख्याध्यापकाला, ना शिक्षणाधिकाऱ्याला.

पगाराचा हेड वेगळा. बिल शालार्थ या ऑनलाइन पगारप्रणालीवर तयार होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेचं पंचायत समितीमार्गे जातं, अनुदानित माध्यमिकचं वेतन पथकाकडे. वर्गखोलीची दुरुस्ती जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून किंवा समग्र शिक्षा या योजनेतून होते, ज्यात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के. रोजच्या खर्चाला संयुक्त शाळा अनुदान: पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000. गगनबावड्यातल्या एखाद्या वाडीची 18 पटाची शाळा घ्या. महिन्याला 833 रुपये. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर घालायचा, उरलेल्यात लाईट बिल, खडू, नळाची तोटी. तिथले गुरुजी पेन्शनीवर पाणी सोडून घरी गेले तरी या 833 चे 834 होणार नाहीत.

आता खरं अर्धं. राज्याच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतली जुनी पेन्शन म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता. तिची 40 टक्क्यांपर्यंत विक्री करता येते, म्हणजे तेवढ्या भागाचे पैसे एकरकमी घेता येतात, आणि तो भाग 15 वर्षांनी पुन्हा सुरू होतो. यासाठी बाजूला काढून ठेवलेला निधी कुठेच नाही. त्या त्या वर्षीच्या महसुलातून पैसे द्यायचे. पगारातला महागाई भत्ता वाढला की पेन्शनीचा आकडाही वाढला.

1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांचं उलट आहे. त्यांना एनपीएस, म्हणजे दरमहा वर्गणी भरायची राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना. मूळ पगार 60,000 आणि महागाई भत्ता 50 टक्के धरला तर हिशोब 90,000 वर. शिक्षकाचे 10 टक्के म्हणजे 9,000, शासनाचे 14 टक्के म्हणजे 12,600. दरमहा 21,600 रुपये खात्यावर जमा व्हायला हवेत, आणि तेही आजच. म्हणून एनपीएस बंद करून जुन्याकडे परतणं सरकारला आजच्या घडीला स्वस्त पडतं: 12,600 वाचतात आणि शिक्षकाची कपात भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पुन्हा सरकारी हिशोबातच येते. बिल येणार ते नंतर. 2005 च्या अखेरीस जे पंचवीस-तिशीत होते, ते 58 चे होतील 2033 ते 2038 दरम्यान. आज आश्वासन देणाऱ्यांपैकी तेव्हा खुर्चीवर कोण असेल, हे वेगळं सांगायला नको.

2024 मध्ये राज्याने आणलेला 50 टक्के हमीचा पर्याय मला म्हणूनच जास्त प्रामाणिक वाटतो. शिक्षकाला आकड्याची खात्री आणि सरकारला दरमहा पैसे बाजूला ठेवायची सक्ती. अडचण योजनेत नाही, खात्यांत आहे. डीसीपीएसच्या, म्हणजे एनपीएसच्या आधीच्या राज्याच्या अंशदायी पेन्शन योजनेच्या, सुरुवातीच्या वर्षांत कपात झाली, पण हिशोबाच्या चिठ्ठ्या मिळाल्या नाहीत, शासनहिस्सा आणि व्याज पुढे सरकलं नाही, अशा तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आंतरजिल्हा बदलीवाल्यांची जुनी रक्कम तर मागच्याच जिल्ह्यात अडकते.

तेव्हा मोर्चाला जरूर जा, पण आधी प्राणचं, म्हणजे आपल्या एनपीएस खात्याचं, वार्षिक विवरण काढा. एप्रिल ते मार्च, स्वतःच्या 12 नोंदी आणि शासनाच्या 12. पगारपत्रकाशी एकेक महिना जुळवा. कपात दिसते पण जमा नाही, असं असेल तर बहुतेक वेळा वर्गणीची यादी अपलोड व्हायची राहिलेली असते किंवा प्राण क्रमांकातला एखादा आकडा चुकलेला असतो. महागाई भत्त्याच्या फरकावरची कपात हमखास निसटते. नामनिर्देशनही बघून घ्या, लग्नाआधीचं तसंच राहिलेलं असतं. सेवेत असताना मृत्यू झाला तर एनपीएसवाल्यांच्या कुटुंबाला 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने कुटुंबनिवृत्तिवेतनाचा पर्याय आहे. अनेक घरांना हे माहीतच नसतं.

जुन्या पेन्शनवाल्यांचं दुखणं एकच, सेवापुस्तक. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी ते हातात घ्या. शिक्षण सेवक कालावधीची नोंद, खासगी शाळेत असाल तर शिक्षण खात्याने नेमणुकीला दिलेल्या वैयक्तिक मान्यतेचा आदेश, प्रत्येक वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीवर पडताळणी पथकाचा शिक्का. शिक्का नसेल तर पेन्शनचं प्रकरण मंजुरीला जायच्या आधीच अडतं, आणि मग जादा दिलेल्या वेतनवाढीची वसुली ऐन निवृत्तीच्या महिन्यात निघते. निवृत्तीला वर्षाहून कमी उरलं असेल तर अशी वसुली करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने रफीक मसीह प्रकरणात 2014 मध्ये सांगितलंय. पण वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा रक्कम परत करीन' असं हमीपत्र दिलेलं असेल, तर 2016 च्या जगदेव सिंग निकालाचा आधार घेऊन कार्यालय वसुली लावतं. ते हमीपत्र बहुतेकांनी न वाचता सही करून दिलेलं असतं. सेवापुस्तकाला जोडलेलं असेल, आधी तेच शोधा.